तर्कशास्त्रावरील लोकप्रिय लेखकांना कोणत्या कसोटीवर जोखावे?

मूळ मांडणी (दांडिया बाजार, वडोदरा):
मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून तर्कशास्त्रावरील लोकप्रिय पुस्तके मी वर्षानुवर्षे घरी आणत आलो आहे. अशा लेखकाची किंमत त्याने विषय सोपा करताना काय गाळले, यावरूनच ठरवावी, असे माझे ठाम मत झाले आहे. ‘कोणत्याही व्यवस्थेत (म्हणजे ठरावीक गृहीतके आणि नियम यांच्या चौकटीत) सिद्ध न होणारी सत्ये असतातच’ हे वाक्य तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेल यांच्या १९३१ च्या अपूर्णता-सिद्धान्ताच्या नावावर सर्रास छापले जाते. व्यवस्था सुसंगत हवी, तिची गृहीतके यांत्रिक रीतीने ओळखता यायला हवीत आणि तिच्यात पुरेसे अंकगणित हवे, या तिन्ही अटी त्यातून गळालेल्या असतात. नुसत्या बेरजेचे, गुणाकाराविना असलेले अंकगणित पूर्ण आहे, म्हणजे त्यातले प्रत्येक विधान सिद्ध तरी करता येते किंवा खोडून तरी काढता येते, हे गणिती प्रेसबर्गर यांनी १९२९ मध्येच दाखवले होते. तेव्हा ते वाक्य ढोबळ नव्हे, चक्क खोटे आहे. त्यावर मनाविषयीचे आणि ईश्वराविषयीचे निष्कर्ष रचणाऱ्याला मी तर्कशास्त्राचा लेखक मानणार नाही.

प्रतिसाद (सयाजीगंज):
आपले उदाहरण मान्य आहे, कसोटी मान्य नाही. लेखकाने वाचकाकडून काय करवून घेतले, हे आपण विचारतच नाही. रेमंड स्मुलियन यांच्या कोड्यांतील बेटावर सत्यवादी नेहमी खरे आणि लबाड नेहमी खोटे बोलतात. त्याच धर्तीवर मी मुलीला विचारले, की तिथला एक जण ‘मी सत्यवादी आहे हे तू कधीच सिद्ध करू शकणार नाहीस’ असे म्हणाला, तर तो कोण? तिने वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले. तो लबाड असेल तर त्याचे बोलणे खोटे, म्हणजे तो सत्यवादी असल्याचे सिद्ध करता येते, आणि हे तर अशक्य. म्हणून तो सत्यवादीच. मग ती थबकली आणि म्हणाली, “पण बाबा, मी आत्ता ते सिद्धच केलं ना?” ‘सिद्ध करणे’ म्हणजे कोणत्या नियमांनी, ही अट तिला अशी स्वतःच्या हाताने सापडली.

मूळ लेखकाचे उत्तर:
स्मुलियन स्वतः गणिती तर्कशास्त्राचे अभ्यासक होते, म्हणून ती अट कोड्यात दडलेली होती, गळालेली नव्हती. हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे.

प्रतिसाद (रावपुरा):
तत्त्वज्ञानाच्या लेखकाला मात्र तुम्हा दोघांच्याही मापाने मोजता येणार नाही. तिथे पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू, किती प्रामाणिकपणे मांडला, हे पाहावे लागते. आपल्या वडोदऱ्याच्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘तत्त्वसंग्रहा’त बौद्ध तत्त्वज्ञ शांतरक्षितांनी आणि टीकाकार कमलशीलांनी खंडनापूर्वी विरोधकांची मते इतकी नीट नोंदवली आहेत, की ज्यांचे ग्रंथ आज हाती नाहीत अशा काहींचे म्हणणे आपल्याला तिथूनच कळते. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९४५ च्या आपल्या तत्त्वज्ञानाच्या इतिहासग्रंथात जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे आणि बुद्ध यांचा काल्पनिक वाद रंगवून कौल बुद्धाला दिला, आणि तो कौल सिद्ध करता येत नाही हेही तिथेच कबूल केले. या कबुलीचा मला आदर आहे. पण नीत्शेच्या अनुयायाला तिथला पूर्वपक्ष आपला वाटणार नाही, आणि त्यापुरते रसेल यांचे गुण मी कापतो.