जेकिल चांगला आणि हाइड वाईट, एवढंच आहे का?

सायली_वाचते
वाचनगटाच्या पुढच्या बैठकीला स्टीव्हन्सनची जेकिल-हाइडची छोटी कादंबरी (१८८६) घेतली आहे. त्यात डॉ. जेकिल स्वतः बनवलेलं औषध पिऊन हाइड नावाचा दुसराच माणूस होतो. या औषधानं माणसातलं चांगलं आणि वाईट वेगवेगळं केलं, असं बहुतेक जण धरून चालतात. मूळ मजकुरात हे टिकतं का? चर्चेला नेमका कुठला भाग काढावा?

रातकिडा
टिकत नाही. शेवटचं, दहावं प्रकरण काढा. तो जेकिलचा लेखी जबाब आहे. वेगळा निघतो तो फक्त हाइड, निव्वळ दुष्ट. जेकिल मात्र आधीसारखाच बऱ्यावाईटाची सरमिसळ राहतो. औषधाला स्वतःची बाजू नाही, हेही तोच लिहितो: उदात्त हेतूनं घेतलं असतं, तर त्यातून देवदूत बाहेर आला असता. त्याला हवी होती चैन, आणि वर अब्रूही शाबूत. सुरुवातीचे त्याचे दोष असे होते की दुसऱ्या कुणी ते मिरवलेही असते. त्यानं ते लपवले. ही लपवाछपवी औषधाच्या कितीतरी आधीची, आणि माझ्या मते कादंबरीचा गाभा तिथंच आहे.

शरीराचे तपशीलही बघा. जेकिलच्या आयुष्याचा नऊ दशांश भाग संयमात गेला, म्हणून हाइड ठेंगणा आणि तरुण. पुढे तो अंगानं भरत जातो. मात्रा दुप्पट करावी लागते, एकदा तर जिवावर उदार होऊन तिप्पट. शेवटी औषधात लागणारा क्षार संपतो. नव्या क्षाराचं मिश्रण एकदा रंग बदलतं, दुसऱ्यांदा बदलतच नाही. तेव्हा जेकिलची खात्री पटते की पहिला क्षारच अशुद्ध होता आणि गुण त्या अशुद्धीचा होता. शुद्ध वाटे करायला निघालेल्या माणसाचा प्रयोग भेसळीवर चालला होता!

गोंदण
त्याच प्रकरणातला रीजंट्स पार्कचा, म्हणजे लंडनमधल्या बागेतला, उतारा मोठ्यानं वाचा. हाइडनं केलेल्या सर केर्यूच्या खुनानंतर जेकिल औषध सोडतो, महिनोन्‌महिने परोपकार करतो. जानेवारीत बाकावर बसून इतरांशी तुलना करत स्वतःवर खूश होतो, आणि त्याच क्षणी औषधाशिवाय त्याचा हाइड होतो. सत्कृत्यांच्या गर्वातून.

सायली_वाचते
मग जेकिलच्या जबाबावर भरवसा किती ठेवायचा?

पारंबी
बेतानंच. तो आरोपीचा जबाब आहे. ‘मी’ म्हणता म्हणता तो मध्येच हाइडला ‘तो’ म्हणू लागतो. अशा जागा पेन्सिलीनं खुणावून ठेवा.

मेरी शेलीची ‘फ्रँकेनस्टाइन’ (१८१८) जोडीला घ्यायचा मोह होईल. पण तिथला शास्त्रज्ञानं घडवलेला जीव आपण मुळात चांगले होतो, दुःखानं सैतान झालो असं म्हणतो. तो युक्तिवाद निराळा, त्याला स्वतंत्र बैठक द्या.

नववं प्रकरण मात्र गाळू नका. औषधाचा पेला घेऊन निमूट निघून जाऊ, की इथंच काय घडतं ते पाहतोस, असं हाइड जेकिलचा जुना मित्र डॉ. लॅन्यन याला विचारतो. लॅन्यन सज्जन आहे, समोरच्याची त्याला शिसारी आलेली आहे, तरी तो पाहायचं ठरवतो.