मदत हवी आहे: वडिलांच्या पायाची रक्तवाहिनी बंद, बलून करावा की बायपास?

नमस्कार मंडळी,

आम्ही जिंतूर तालुक्यातले, जिल्हा परभणी. अण्णा ६८ वर्षांचे. शुगर १४ वर्षांपासून, बिडी त्याच्याही आधीपासून.

दोन वर्षं झाली, चालताना त्यांची उजवी पोटरी आखडायची. एका दमात शेत गाठणारा माणूस आधी ओढ्यापाशी थांबायला लागला, नंतर मारुतीच्या पारापाशीच. पाच मिनिटं उभं राहिलं की कळ जायची, निघालं की परत. ‘मणक्यात शीर दबलीय’ म्हणून वर्षभर गोळ्या झाल्या, पट्टा झाला. पावलाची नाडी कुणी बोट लावून बघितली नाही, त्याचा राग माझ्या मनातून जात नाही.

संक्रांतीच्या सुमारास पऱ्हाट्या उपटताना खुंट अंगठ्यात घुसलं. सात आठवडे झाले, जखम भरत नाही, कडा काळ्या पडल्यात. पाय बाजेवर घेतला की पांढराफटक होतो आणि ठणका सुरू होतो. खाली सोडला की लाल होतो आणि जरा बरं वाटतं. त्यामुळे अण्णा रात्रभर पाय खाली सोडून बसल्या बसल्याच डुलक्या घेतात.

संभाजीनगरला नेलं. तिथं घोट्याचं आणि दंडाचं बीपी घेऊन गुणोत्तर काढलं, ०.३८ आलं. ०.९ च्या खाली गेलं की अडथळा धरतात म्हणे. सीटी अँजिओत मांडीतली मोठी रक्तवाहिनी १२ सेंटिमीटर पूर्ण बंद, गुडघ्याखाली तीनपैकी एकच चालू.

एक डॉक्टर म्हणतात, जांघेत तेवढ्यापुरती भूल देऊन बारीक छिद्रातून तार घालू, ब्लॉकच्या पार नेऊ, बलून फुगवू, लागला तर मांडीत स्टेंट टाकू. दुसरे म्हणतात, पायातली शीर चांगली असेल तर ती वापरून केलेला बायपास जास्त टिकतो. दोघांचंही पटतं, तिथंच अडकलोय. अण्णांना २०१९ ला अटॅक येऊन गेलाय, म्हणून मोठ्या ऑपरेशनची धास्ती वाटते.

गुडघ्याखाली बलून केलेल्या कुणाचा अनुभव असेल तर सांगा. परत ब्लॉक झाला का, किती महिन्यांनी? आणि तेवढ्या काळात जखम भरली का? माझ्या दृष्टीनं हाच खरा प्रश्न आहे.

क्रिएटिनिन १.७ आहे, म्हणजे किडनी जरा कमजोर, त्यामुळे डायची (रक्तवाहिनी दिसावी म्हणून टोचतात त्या औषधाची) भीती वाटते. आधी सलाईन देऊन, कमी डाय वापरून किंवा डायऐवजी कार्बन डायऑक्साइड वायूवर कुणाचं केलंय का?

महात्मा फुले योजनेत पायाची अँजिओप्लास्टी कुणी बसवून घेतलीय का? मंजुरीला किती दिवस लागले? घाटीतला (संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यातला) अनुभव असला तरी कळवा.

कृपया लेप, पाला सुचवू नका. पाहुण्यांच्या सांगण्यावरून दोनदा लावून झालाय, जखम चिघळलीच.

अण्णांनी एकच धरलंय, ‘पाय कापणार असाल तर मला गावातच राहू द्या.’ मी त्यांना सांगितलं, पायाची रक्तवाहिनी न कापता आतून उघडायचा हा इलाज पहिल्यांदा १९६४ ला अमेरिकेत डॉटर नावाच्या डॉक्टरांनी केला, तो ८२ वर्षांच्या बाईवर. तीही पाय कापू देत नव्हती. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘पुढं ती चालली का?’

चालली, म्हणलं. मरेपर्यंत स्वतःच्या पायावर होती.

त्या दिवसापासून बिडी बंद आहे. सोमवारी दवाखान्यात निर्णय सांगायचाय. त्याआधी कुणी लिहिलं तर फार उपकार होतील.