१४ नगांचा बार सेट मागवलाय, यातलं खरंच काय लागतं आणि वापरायचं कसं?

कोलशेतची_सुगरण

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात नवऱ्याचा चाळिसावा वाढदिवस आहे, हॉलबिल काही नको, घरीच करायचाय. आम्ही धरून चौदा माणसं, त्यातले पाच जण अजिबात न घेणारे. जेवण मी करणारच आहे, पण यावेळी ड्रिंक्स पण मला मनापासून नीट करायची आहेत, कोल्ड्रिंकमध्ये ओतून दिलं असं नको. म्हणून ऑनलाइन एक १४ नगांचा बार सेट मागवला. त्यात शेकर, दोन तोंडांचं छोटं माप, पिळाच्या दांड्याचा लांब चमचा, लाकडी दांडका, स्प्रिंगवाली गाळणी, बाटलीला लावायच्या चोची, चिमटा, ओपनर आणि अजून दोन-तीन वस्तू आहेत ज्या मला ओळखताच आल्या नाहीत.

परवा रात्री ट्रायल घेतली. व्हिस्की, लिंबू, साखरेचा पाक, बर्फ घालून हलवलं आणि शेकरचं झाकण जे बसलं ते बसलंच. मी ओढलं, नवऱ्याने ओढलं, शेवटी सांडशीत धरून काढलं तर कडेला चेपलं, आणि आत सगळं पाणचट. दुसऱ्यांदा केलं तर तोंडात घालवेना इतकं आंबट. जाणकारांनी जरा सविस्तर सांगा ना, कुठली वस्तू कशासाठी आणि हातात धरायची कशी. व्हिडिओ बघितले पण त्यात सगळे इतक्या भराभर करतात की काही कळत नाही.

वाशीचा_बारवाला

ताई, झाकण अडकलं यात तुमची चूक नाही. तीन भागांचा जो शेकर असतो, कॉबलर म्हणतात त्याला, त्याचं असंच होतं. बर्फाने धातू आकसतो, आतली हवा पण गार होऊन आकसते आणि झाकण आत खेचलं जातं. परत अडकलं तर सांडशी नको, गरम पाण्यात पिळलेलं फडकं फक्त झाकणाभोवती पंधरा-वीस सेकंद गुंडाळा आणि पीळ देत काढा. बंद करताना आधी गाळणीवाला मधला भाग बसवायचा, मग वरची टोपी.

पण चौदा जणांसाठी माझं ऐकाल तर दोन स्टीलचे टिन घ्या, बोस्टन शेकर. मी वाशी-बेलापूर पट्ट्यात अकरा वर्षं बारमागे उभा होतो, आधी परमिट रूममध्ये आणि नंतर हॉटेलात, आणि हॉटेलात आमच्या हातात कायम हाच असायचा. मोठा टिन साधारण ८०० मिलीचा, छोटा ५०० च्या थोडा वर. सगळं छोट्या टिनमध्ये मापून घालायचं, शेवटी बर्फ काठोकाठ, आणि मोठा टिन वरून तिरका बसवायचा. सरळ नाही हां, तिरका, म्हणजे एका बाजूला दोन्ही टिन एका रेषेत आणि समोरच्या बाजूला फट दिसेल असा. वरून तळहाताची एक थाप. मग वरचा टिन धरून उचलून बघा, खालचा बरोबर आला म्हणजे बसला. हलवताना छोट्या टिनचं बूड आपल्याकडे ठेवायचं, चुकून सुटलंच तर पाहुण्यांच्या अंगावर जात नाही.

उघडताना बरेच जण ओट्याच्या कडेवर आपटतात, ते करू नका, टिनची कड वाकली की तो कायमचा गळतो. दोन टिन जिथे चिकटलेत आणि जिथे फट सुरू होते त्याच्या मधल्या जागेवर तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने मारायचं, टक्क आवाज येतो आणि सुटतं. नुसतं पाणी आणि बर्फ घालून वीसेक वेळा करा, हात बसेल.

किती वेळ हलवायचं तर १२ ते १५ सेकंद, पण जोरात, खांद्यापासून. टिनवर बाहेरून पांढरं दव चढतं आणि गारवा बोटांना टोचायला लागतो तेव्हा थांबायचं. तुमचं पाणचट झालं कारण झाकण सुटेपर्यंत बर्फ आत वितळत बसला. थोडं पाणी उतरायलाच हवं, पाव हिश्शाच्या आसपास, त्यानेच दारूचा तिखटपणा मोडतो. आणि एक लक्षात ठेवा, बर्फ कमी घातला की पाणी जास्त होतं. लोकांना हे उलटं वाटतं, पण कमी बर्फ पटकन वितळतो आणि ड्रिंक गार होतच नाही.

लिंबू, ज्यूस, दूध, अंडं यातलं काही असेल तर शेक करायचं. नुसती दारूच दारू असेल, म्हणजे नेग्रोनीसारखं, ३० मिली जिन, ३० कंपारी (लाल, कडवट इटालियन दारू), ३० गोड व्हर्मूथ (वनस्पती-मसाले घातलेली वाइन), तर ते ढवळायचं, तुमचा तो पिळाचा चमचा त्यासाठीच आहे. चमच्याची पाठ ग्लासच्या आतल्या बाजूला टेकवायची आणि काठाकाठाने फिरवायची, बर्फाचा अख्खा गठ्ठा एकत्र फिरला पाहिजे, खडखडाट नको. अर्धा मिनिट पुरे. आणि सोडा, टॉनिक शेकरमध्ये कधीच घालायचं नाही, गॅसने झाकण उडतं. ते ग्लासात, सगळ्यात शेवटी.

आता आंबटपणा. याचं उत्तर त्या दोन तोंडांच्या मापात आहे, त्याला जिगर म्हणतात. सहसा लहान तोंड ३० मिली, मोठं ६०, आपला छोटा पेग आणि मोठा पेग तोच. पण सेटमधलं माप २५ आणि ५० चं पण निघतं, म्हणून आधी स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर ठेवून पाण्याने भरा, ६० ग्रॅम पाणी म्हणजे ६० मिली. लिंबू 'एक' किंवा 'अर्धं' असं मोजूच नका, एकातून दहा मिली निघतं आणि शेजारच्यातून वीस. रस आधी काढून, गाळून, मापून घाला. व्हिस्की ६०, लिंबाचा रस २०, पाक २०, इथून सुरुवात करा, पाक साखर आणि पाणी सारख्या मापाने.

एक घरचं म्हणून सांगतो, आपल्याकडे बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात आणि परमिट पण लागतं, तर भाच्या-पुतण्यांकडे लक्ष ठेवा. आणि ज्यांना घोडबंदर रोडने गाडी चालवत जायचंय त्यांना एक पेगही देऊ नका.

खारघरचा_बर्फवेडा

बारवाले दादांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त चोचींबद्दल आणि बर्फाबद्दल लिहितो. त्या चोचींनी बारटेंडर आकडे मोजत ओततात, चार मोजेपर्यंत ६० मिली. मी घरी पाणी भरून दोन आठवडे प्रॅक्टिस केली, तरी माझं कधी ५० तर कधी ७० यायचं, आणि दाट पाक असेल तर तो चोचीतून हळूच येतो म्हणजे हिशोब अजून चुकतो. त्यामुळे चोच लावा पण ओता जिगरमध्येच, धार एकसारखी येते आणि सांडत नाही एवढाच तिचा घरी उपयोग. पार्टी झाली की काढून धुवून बूच परत लावा, नाहीतर गोड बाटल्यांवर चिलटं येतात.

बर्फ मात्र अजिबात हलक्यात घेऊ नका. फ्रीझरमध्ये सुके बोंबील किंवा चिंबोऱ्या असतील तर तो वास बर्फाला लागतोच लागतो आणि मग महागातली जिन पण वाया. बर्फ झाकणाच्या डब्यात ठेवा. चौदा माणसांना घरच्या ट्रे पुरणार नाहीत, माणशी किलोभर धरा, शेकरमध्ये जातो, ग्लासात जातो, बाटल्या गार करायला जातो. बाहेरून आणणार असाल तर पॅकबंद खायचा बर्फच घ्या. २०१८ पासून आपल्याकडे न खायच्या बर्फाला निळसर रंग घालायचा नियम आहे, मासळी बाजारात दिसतो तो, पण पांढरा दिसला म्हणजे खायचा असं धरून चालू नका, विचारून घ्या.

काचेसारखा स्वच्छ बर्फ हवा असेल तर एक छोटा थर्माकोलचा किंवा जाड भिंतीचा डबा घ्या, आत बसेल असं भांडं पाण्याने भरून ठेवा, झाकण न लावता. थंडी फक्त वरून लागते, पाणी वरून खाली गोठत जातं आणि हवेचे बुडबुडे खाली ढकलले जातात. अठरा-वीस तासांनी तळ गोठायच्या आत काढा, धारदार सुरी ठेवून वर हलकी थाप मारा, सरळ फुटतो. मी पहिल्यांदा असा तुकडा ग्लासात टाकला तेव्हा तो पाण्यात दिसेचना, बायकोला उठवून दाखवला.

नौपाड्याची_मावशी

अगं तो लाकडी दांडका म्हणजे मडलर. त्याच्यावर चकचकीत पॉलिश असेल तर वापरू नकोस, ते झिजून पेयात उतरतं. त्यापेक्षा साध्या लाटण्याचं टोक बरं. पुदिना त्याने कुटायचा नाही बरं का, आपण चटणीला कुटतो तसा कुटलास तर कडू होतो आणि हिरवे कण दातात येतात. पानांवर ठेवायचं, दाबायचं, जरासं फिरवायचं, चार-पाच वेळा, वास सुटला की बास. लिंबाच्या फोडी मात्र जोर लावून दाब, पण पांढऱ्या सालीचा चोथा करू नकोस.

आणि स्प्रिंगच्या गाळणीतून बर्फाचे बारीक कण आणि पुदिना खाली येतोच, म्हणून ग्लासवर आपली चहाची गाळणी धरायची, बारीक जाळीची, आणि दोन्हीतून एकदम गाळायचं. फक्त ती गाळणी पार्टीसाठी नवी आण, चहाचा वास जात नाही.

न घेणाऱ्या पाच जणांना तेवढंच छान दे हं, नाहीतर बिचारे कोपऱ्यात गोड कोल्ड्रिंक घेऊन बसतात. कोकम आगळ ३० मिली, पाक ३०, भाजलेल्या जिऱ्याची पूड चिमूटभर, एक मिरची उभी चिरून नुसती दाबलेली, बर्फ घालून शेक कर, गाळ आणि वरून सोडा. रंग असा येतो की घेणारे पण तेच मागतात.

कोलशेतची_सुगरण

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! काल जांभळी नाक्यावर जाऊन दोन टिन आणि नवी गाळणी घेऊन आले. माप काट्यावर ठेवलं तर खरंच २५ आणि ५० निघालं, म्हणजे मी व्हिस्की ६० समजून ५० घालत होते आणि वर दोन अख्खी लिंबं पिळत होते. रात्री ६०-२०-२० करून बघितलं, तिसऱ्या फटक्यात टिन सुटला, आणि पहिला घोट घेऊन नवरा नुसता माझ्याकडे बघत राहिला.

दादा, अजून एक. नऊ जणांना एकेक ग्लास शेक करत बसले तर मी स्वयंपाकघरातून बाहेरच येणार नाही, काय करू? आणि मावशी, आगळ मालवणहून आलेला आहे, मीठ वेगळं घालू का?

वाशीचा_बारवाला

एका वेळी दोन ग्लास शेक करा, मोठ्या टिनमध्ये आरामात मावतात, बर्फ मात्र भरपूर. व्हिस्की आणि पाक दुपारीच मापून बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, लिंबाचा रस संध्याकाळी काढा, आदल्या दिवशीचा कडवट लागतो. मग दोन ग्लासांना त्या बाटलीतलं १६० आणि रस ४०. ७५० च्या खंब्यात ६० चे बारा ग्लास होतात आणि थोडी उरते, तेव्हा नऊ जणांना दोन-दोन धरले तर दोन खंबे आणा.

नौपाड्याची_मावशी

नको गं, आगळात मीठ असतंच. आधी चमचाभर पाण्यात घालून चाखून बघ, घरोघरी मीठ कमी-जास्त असतं, खारट असेल तर ३० ऐवजी २० घाल.