मदत हवी आहे: ब्लूजच्या कार्यक्रमाची तिकिटं खपत नाहीयेत

निळा_सूर: मंडळी, घाईत लिहितोय. मी काही आयोजक नाही, ब्लूज या अमेरिकन संगीताचा नाद आहे म्हणून पदरमोड करून चार जणांचा बँड बोलावलाय. अॅडव्हान्स देऊन झाला. पोस्टर इन्स्टा, फेसबुक, सोसायटीचा ग्रुप, सगळीकडे फिरवलं. लाइक ढीगभर, तिकिटं घेणारे घरचेच. पुढच्या शनिवारी आहे. लोक कसे आणायचे? ‘पुण्यात कर’ हे सोडून काहीही सांगा.

कोपरखळी: गाव? जागा? तिकीट किती? का आम्ही ओळखायचं?

निळा_सूर: नाशिक. गंगापूर रोडला मित्राचा कॅफे आहे. ६०० रुपये.

रीलवाली: पोस्टर कोण वाचतं आता? बँडच्या तालमीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, पहिल्या तीन सेकंदांत गिटार वाजली पाहिजे. त्याची जाहिरात फक्त नाशिकपुरती लावा. दिवसाला दोनशे-तीनशेत होतं.

धोंडोपंत: नका घालवू पैसे. गिटारचे क्लास घेणाऱ्या सरांना जाऊन भेटा. दुपारी बँडच्या गिटारवाल्याला तासभर पोरांसमोर बसवा, ब्लूजची गाणी ज्यावर बसतात ती बारा बारची चौकट दाखवू दे. संध्याकाळी तीच पोरं मित्रांना घेऊन येतात. आमच्याकडे असंच केलं होतं.

रीलवाली: तुमच्याकडे म्हणजे कुठे, कधी? क्लासची पोरं ६०० रुपये देणार?

धोंडोपंत: त्यांना अर्ध्यात द्या ना. लाइकवाले येत नाहीत हे धागाकर्त्यानेच वर लिहिलंय, जरा वाचा.

हिशेबनीस: तिकीट ५०० किंवा कमी ठेवा, संगीताच्या कार्यक्रमाला तिथपर्यंत जीएसटी नाही.

कोपरखळी: अहो, सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही. हा माणूस बारा तिकिटं विकेना आणि तुम्ही जीएसटी काढताय.

जुना_श्रोता: २०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्रा ब्लूज महोत्सव झाला, तेव्हा ब्लूजचा गिटारवाला बडी गाय याला ऐकलंय. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस! त्यानंतर बाकीचं फिकंच वाटतं. तुमचा बँड स्वतःचं वाजवतो की नुसती कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांची गाणी?

निळा_सूर: अर्धं-अर्धं. काका, मला तिकिटं विकायची आहेत.

गंधारप्रेमी: ब्लूजमधली पाच स्वरांची मायनर पेंटाटॉनिक स्केल म्हणजे आपल्या धानी रागाचेच स्वर, सा ग म प नी, ग आणि नी कोमल. शास्त्रीयवाल्यांना हे सांगितलं तर तेही येतील.

जुना_श्रोता: स्वर तेच असतील, पण ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्धच्या मधे ओढतात. धानी म्हणून ऐकायला आलेला माणूस मध्यंतरात उठून जाईल.

गंधारप्रेमी: स्वराचं आंदोलन आम्हाला शिकवू नका.

कोपरखळी: तुम्ही दोघं वेगळा धागा काढा. निळा_सूर, कव्हर्स आहेत तर आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेचा, परवाना घेतला का? मधल्या वेळेत रेकॉर्डेड गाणी लावणार असाल तर रेकॉर्ड कंपन्यांच्या पीपीएलचं वेगळं बघा. कॅफेवाल्याकडे आधीच असेल तर प्रश्न मिटला, पण विचारा.

निळा_सूर: ते मित्र बघेल. गच्ची त्याचीच आहे.

कोपरखळी: गच्ची??? हे आत्ता सांगताय! उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर बंद. बंद सभागृहाला सूट असते, गच्चीला नाही. आणि लावण्यासाठी पोलिसांची परवानगी. सुरू किती वाजता?

निळा_सूर: साडेआठ. म्हणजे नऊ.

धोंडोपंत: मग ६०० रुपयांत तासभर? साडेसहाला करा. घरच्यांना घेऊन येणारेही येतील.

तबलजी_नाही: विषय वेगळा आहे, पण गिटारसाठी अॅम्प्लिफायर ट्यूबचा घ्यावा की सॉलिड स्टेट? बजेट २० हजार.

द्राक्षबाग: मी कॉलेज रोडला राहते, यायचंय. दोन तिकिटं हवीत. लिंक कुठे आहे?

निळा_सूर: लिंक नाही, पोस्टरवर माझा नंबर आहे. फोन करा, मग मी क्यूआर पाठवतो.

रीलवाली: आणि फोन उचलतं कोण?

निळा_सूर: ऑफिसमध्ये असतो हो दिवसभर. संध्याकाळी परत करतो.

द्राक्षबाग: मंगळवारी केला होता मी, त्याच पोस्टरवरून. अजून वाट बघतेय.

कोपरखळी: क्यूआर पोस्टरवरच छापा आणि एक गुगल फॉर्म करा, आज रात्री. बाकीचं उद्या बोलू.

निळा_सूर: फॉर्म करतो. साडेसहाला मात्र बँडवाले तयार होणार नाहीत, साडेसातला करतोय. त्या क्लासवाल्या सरांशी काय बोलायचं ते धोंडोपंत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का?

तबलजी_नाही: अॅम्पचं कुणी सांगेल का?