ट्राममध्ये समोरचा रोखून बघत असेल तर आपण कुठे बघायचं?

नवा_श्टुटगार्टकर:
मंडळी, इथे जर्मनीत येऊन ६ महिने झाले. ट्राममध्ये सीटा समोरासमोर असतात, तर समोरचे आजोबा सरळ तोंडाकडे बघत बसतात, आपल्याला कळलं तरी नजर काढत नाहीत. मी दोनदा हसून पाहिलं तर अजूनच निरखायला लागले. ऑफिसात उलटंच, बॉस म्हणाला मी बोलताना तू खाली का बघतोस, पटत नाही का? आता आमच्या घरी बाबा बोलत असताना असं डोळ्यात बघितलं असतं तर "डोळे कोणाला दाखवतोस" म्हणत एक ठेवून दिली असती. करू काय?

म्युनिकची_मावशी:
उगाच हसू नकोस रे, त्यांना वाटतं ह्याला काहीतरी हवंय. "हालो" म्हण, विषय संपतो. डॉक्टरकडे वेटिंग रूममध्ये शिरताना सगळ्यांना मिळून गुटन टाग म्हणायचं, नाही म्हटलंस तर मात्र खरंच बघतील. आणि बिअरला प्रोस्ट म्हणताना प्रत्येकाच्या डोळ्यात बघूनच ग्लास भिडवायचा, नजर चुकली तर ७ वर्षं नशीब खराब म्हणतात. कुठल्या बाबतीत ते ऑफिसातल्या पोरांना विचार, मी मावशी आहे.

चौथी_सीट:
डोंबिवलीला ये. लोकलमध्ये कोणी टक लावून बघत असेल तर तो तुला बघतच नाहीये, तू बॅगेला हात कधी घालतोस ते बघतोय. नजर भिडली की "कुठे?", तू "घाटकोपर" म्हणालास की सीट त्याची. म्हणून तर बसलेले निम्मे झोपेचं सोंग घेतात.

खिडकीतली:
मजा ठीक, पण सगळं बघणं एका मापात नका मोजू. पुण्यात बसस्टॉपवर बाई उभी असली की जे वरपासून खालपर्यंत बघतात त्यांना सीट नको असते. बर्लिनला वर्षभर होते, तिथल्या आज्यांचं बघणं खटकायचं पण भीती नाही वाटली कधी. बॉसचं सोपंय, डोळ्यात बघवत नसेल तर भुवयांच्या मधे बघ, टिळा लावतो तिथे. कळत नाही कोणाला.

नवा_श्टुटगार्टकर:
टिळ्याची आयडिया चालली, थँक्स! आज आजोबांना हालो म्हटलं, त्यांनीही म्हटलं, आणि मग बोटाने माझ्या शेजारची सीट दाखवली. माझी बॅग होती त्यावर. ६ महिने रोज असते.