विषय: वॉटरफॉल कार्डिगन ठेवू की परत करू?

प्रेषक: मीनल
मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या मेलमध्ये हे घुसडतेय म्हणून आधीच कान पकडते. पण घरात मिळून दोनच मतं आहेत, आणि त्यातलं एक नवऱ्याचं.

सेलमध्ये एक वॉटरफॉल कार्डिगन घेतलंय. तेच ते, ज्याला बटणं नसतात आणि पुढच्या दोन्ही बाजू चुण्या पडून लोंबतात. वाइन रंग, व्हिस्कोसचं. मागून कमरेच्या जरा खाली, पुढची टोकं जवळजवळ गुडघ्याला. दुकानातल्या आरशात मी चक्क बारीक दिसले. घरी घालून दाखवलं तर लेक म्हणाली, "आई, तू आमच्या लायब्ररीतल्या मिससारखी दिसतेस." ती मिस रिटायर व्हायला आलीय. नवरा म्हणाला, "छान आहे की," मोबाइलवरून नजर न उचलता.

हॉलचं हीटिंग गेल्या वर्षी कसं होतं ते आठवतंय ना? काळ्या साडीवर हेच घालायचं मनात होतं. रविवारपर्यंत परत करता येईल. खरं खरं सांगा, खुलून दिसेल की काकूबाई?

मीनल


प्रेषक: अश्विनी
मंगळवार, रात्री ९:५२

काकूबाई. परत कर.

माझ्याकडे असंच एक राखाडी होतं. दोन हिवाळे वापरलं, मग दिवाळीचे फोटो पाहिले आणि दुसऱ्या दिवशी चॅरिटी शॉपला देऊन आले. पंधरा दिवसांनी तेच कार्डिगन समोरच्या घरातल्या बाईच्या अंगात! आणि तिला काय सुरेख दिसत होतं म्हणून सांगू. पाच फूट नऊ इंच आहे ती. आपण पडलो पोळपाटाच्या घाटाच्या.


प्रेषक: श्रीकांतकाका
बुधवार, सकाळी ६:१५

विषयाला धरून थोडी माहिती देतो.

कार्डिगन हे नाव सातव्या अर्ल ऑफ कार्डिगन या ब्रिटिश सरदारावरून आलं. क्रिमियाच्या युद्धात, २५ ऑक्टोबर १८५४ रोजी, बालाक्लाव्हाच्या लढाईत सुमारे ६७० घोडेस्वार थेट तोफांच्या तोंडी गेले, त्यांच्या पुढे हा गृहस्थ होता. तिथल्या ब्रिटिश सैन्याचा सरसेनापती लॉर्ड रॅगलन. वॉटर्लूला १८१५ साली त्याचा उजवा हात गेला होता, आणि गळ्यापासून तिरकी शिवण येणारी रॅगलन बाही त्याच्या नावाची. आपण मुलांना घालतो ती माकडटोपी म्हणजे इंग्रजांची बालाक्लाव्हा. म्हणजे पुण्यात डिसेंबर महिन्यात जे जे कपाटातून बाहेर निघायचं, ते सगळं एकाच युद्धातलं!

गंमत अशी की आपल्या इथून दोन-अडीच तासांवरच्या, वेल्समधल्या कार्डिगन गावाशी स्वेटरचा संबंध नाही. अर्लसाहेब राहायचे तिकडे इंग्लंडातल्या नॉर्थॅम्प्टनशरमध्ये. गावची ख्याती जीन्सची. चारेकशे लोक कामाला असलेला जीन्सचा कारखाना २००२मध्ये बंद पडला आणि पुढे हायट डेनिम नावाच्या छोट्या कंपनीने तिथे पुन्हा जीन्स शिवायला घेतल्या. मी हौसेने सौ.ला कार्डिगनमध्ये कार्डिगन घेऊन देतो म्हणून घेऊन गेलो होतो. चिप्स खाऊन परत आलो.

श्रीकांत


प्रेषक: संयोजक
बुधवार, सकाळी ८:०५

कृपया 'रिप्लाय ऑल' करताना विषय बदला. गुळाच्या पोळ्या: हव्यात ८०, नोंद झाली ३०. तिळाच्या वड्या मात्र तिघींनी लिहिल्यात, तेव्हा वड्या आता पुरे.


प्रेषक: विद्याकाकू
बुधवार, दुपारी २:२०

चि. मीनल,

काकूबाई हा शब्द वापरताना काकूही या यादीवर आहेत याचं भान असू द्यावं. असो.

अश्विनीने उंचीवर ढकललं, ते अर्धंच खरं. ते कार्डिगन जमिनीवर पसर आणि बघ. बाह्या सोडल्या तर तो जवळजवळ एक आडवा चौकोन आहे, हात घालायला दोन भोकं पाडलेला. पुढे अंगाला लागतं त्याच्या दुप्पट कापड ठेवलंय. ते जादाचं कापड खाली ओघळतं, त्याच त्या चुण्या. कापड पातळ आणि लुळं असलं की चुण्या सरळ उतरतात, उभ्या रेघा दिसतात, त्यामुळे दुकानात बारीक दिसलीस. शिवाय तिथे तू हात खाली सोडून, श्वास ओढून उभी असणार. हॉलमध्ये खुर्च्या मांडताना कोण श्वास ओढून धरतं? हेच जाड लोकरीत विणलं तर बोंगा होतो, कारण लोकर लोंबत नाही, फुगते. मी एकदा हौसेने डबल निटिंगच्या लोकरीत विणलं होतं. आमचे हे म्हणाले, "तंबू कुठे ठोकायचाय?" सगळं उसवलं आणि नातवंडांच्या टोप्या केल्या.

तेव्हा व्हिस्कोस घेतलंस ते बरंच केलंस. फक्त हँगरला लावू नकोस. ते आपल्याच वजनाने ताणतं, होळीपर्यंत टोकं पोटरीला येतील. घडी घालून ठेव.

आता खांदा. पुढचं सगळं वजन खांद्यावर येतं. खांद्याची शिवण हाडावर बसली पाहिजे. ती दंडावर उतरली की बाईही उतरलेली दिसते, मग ती पंचविशीची का असेना. आरशासमोर पाच मिनिटं काम कर, वाकून चपला उचल, आणि मग शिवण कुठे गेली ते बघ. मागची कडही लेकीला फोटो काढून दाखवायला सांग. तू माझ्याच उंचीची, पाच फूट एक. कड बरोबर बैठकीच्या रुंद भागावर थांबत असेल तर बघणाऱ्याची नजरही तिथेच थांबते. चार बोटं वर हवी, नाहीतर वीतभर खाली. हे जमत असेल तर खाली अरुंद पँट घालून खुशाल मिरव, छान दिसेल. लायब्ररीतल्या मिसचं मनावर घेऊ नकोस. बारा वर्षांच्या मुलीला आई कशातही म्हातारीच दिसते.

पण साडीवर नको. अगं, पदर हा मुळात धबधबाच की! एकावर दुसरा सोडला तर पदर दिसत नाही, निऱ्या दिसत नाहीत, नुसती कापडाची वखार दिसते. आणि हे मी अनुभवाचं सांगतेय. सुनेने दिलेलं असलंच एक मी दोन वर्षांपूर्वी हळदीकुंकवाला घातलं होतं. पहिल्याच बाईला कुंकू लावायला वाकले आणि डावं टोक पंचपाळ्यात. हळद, कुंकू, वर गुलाबदाणीतलं पाणी. नंतर ओटी घ्यायला पदर पुढे धरला, तो हातात आलं कार्डिगन. बोरं मिळत नाहीत म्हणून आपण गाजराचे तुकडे आणि मटार घालतो ना, ते मटार त्या झिरझिरीत चुण्यांतून एकेक करून हॉलभर गेले. काट्याचा हलवा तर घरी येऊन विंचरल्यासारखा काढला. हळदीचा डाग अजून आहे.

साडीवर आखूड, कमरेशी संपणारं, गोल गळ्याचं, बटणांचं घाल. पदर त्याच्यावरून. पिन आतल्या ब्लाउजपर्यंत घाल, नुसती लोकरीला लावलीस तर भोक पडून राहतं. खालची दोन बटणं उघडी ठेव.

विद्याकाकू


प्रेषक: अश्विनी
बुधवार, दुपारी २:४१

काकू, सॉरी, कान पकडले. पण साडीवर बटणांचं कार्डिगन म्हणजे डिट्टो आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई! बिस्किटी रंग, कोपऱ्यात रुमाल खोचलेला.


प्रेषक: विद्याकाकू
बुधवार, दुपारी ३:१०

तुमच्या बाईंचं दोन मापं मोठं असणार, मिस्टरांचं घालत असतील. अंगासरशी बसलं की तोच कपडा वेगळा दिसतो. २००९च्या एप्रिलमध्ये मिशेल ओबामा बकिंगहॅम राजवाड्यात राणीला भेटल्या त्या काळं कार्डिगन घालूनच. फॅशन डिझायनर ऑस्कर दे ला रेंटांनी नाक मुरडलं, राजवाड्यात स्वेटर घालून जातात का म्हणून. पण राणीच्या शेजारी उभं राहून ती बाई गणिताची बाई नाही दिसली.


प्रेषक: श्रीकांतकाका
बुधवार, दुपारी ३:३०

राणीच्याच देशात जन्मलेला कपडा आहे तो, हे लक्षात...


प्रेषक: संयोजक
बुधवार, दुपारी ३:३४

श्रीकांतकाका, पोळ्या. ३०च आहेत अजून.


प्रेषक: मीनल
शनिवार, सकाळी ११:०५

सगळ्यांचे आभार.

काकूंनी सांगितलं तसं जमिनीवर पसरलं, मग अंगात घालून डिशवॉशर भरला. प्लेटा संपेपर्यंत उजवी शिवण दंडावर तीन बोटं उतरली होती आणि एक टोक काट्या-चमच्यांच्या खणात. लेकीने मागून फोटो काढला. तो मी कोणालाही दाखवणार नाहीये. एक माप लहान घेतलं तर जमेल असं वाटून दुकानात गेले, तर त्या मापाचं फक्त मोरपंखी उरलं होतं. घातलं, आणि खांद्यावर बरोबर बसलं हो! जीन्सवर घालून आज बाहेर पडलेसुद्धा. वाऱ्याने एक टोक गाडीच्या दारात अडकलं, पण ते माझ्या घाईमुळे.

आता साडीचा प्रश्न तसाच आहे. कोणाकडे आखूड काळं किंवा गडद निळं बटणांचं आहे का, एका संध्याकाळीपुरतं?

मीनल


प्रेषक: विद्याकाकू
शनिवार, दुपारी १२:००

माझं नेव्ही ब्लू आहे, हाताने विणलेलं. वरून तिसरं बटण वेगळं आहे, पण ते पदराखाली जाईल. येऊन घेऊन जा. येताना गूळ आण, वीस पोळ्या माझ्या नावावर लिहिल्यात.