सेन्सर लावला की कला झाली का?

चष्मेवाला: डिझाइन कॉलेजांच्या इंटरॅक्टिव्ह प्रदर्शनांना जायचं कशाला? निम्म्या कामांवर 'दुरुस्ती सुरू आहे'ची चिठ्ठी, उरलेल्यांपुढे हातवारे करत उभं राहायचं. पाटीवर मात्र 'स्पर्श करा'. सेन्सर लावला की कला झाली?

तांब्याची_तार: बंद का पडलं हे न बघता निकाल देऊन मोकळे! वर्गात चालणारं काम दालनात का मरतं ते वाचा. एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडून प्रतिध्वनीवरून अंतर काढतो. वर्गात समोर एकच माणूस असतो, दालनात शाली, ओढण्या, स्वेटर. असं कापड आवाज शोषतं, प्रतिध्वनी परततच नाही. शेजारच्या टेबलावर तसाच सेन्सर असेल तर त्याचा आवाज याला ऐकू येतो आणि आकडे उड्या मारतात. पाच रीडिंग घेऊन मधलं धरायचं, दोन मोजण्यांत किमान ६० मिलिसेकंद सोडायचे, की बराच फरक पडतो.

पीआयआर, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा सेन्सर, तर चालू केल्यावर पहिलं मिनिटभर खोटेच इशारे देतो, आणि स्तब्ध माणूस त्याला दिसत नाही. हाताची घडी घालून परीक्षकासारखे उभे राहिलात तर तो बिचारा काय करणार? पहिल्या कायनेक्टचं वेगळंच. हा अंतर मोजणारा कॅमेरा समोर न दिसणारे इन्फ्रारेड ठिपके टाकतो. खिडकीतून ऊन आलं की त्यातलं इन्फ्रारेड याचे ठिपके धुऊन टाकतं. पडदे ओढा, निम्मं काम होतं.

चष्मेवाला: म्हणजे प्रेक्षकाने शाल घरी ठेवून यायचं. वा! कलाकार डॅनियल रोझिनचा लाकडी आरसा १९९९चा. ८३० तुकडे, मागे मोटरी, समोर उभं राहिलं की तुम्ही त्यात उमटता. कोणी समजावून सांगावं लागत नाही.

तांब्याची_तार: न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवणाऱ्या माणसाच्या कामाशी सेमिस्टर प्रोजेक्टची तुलना? धन्य आहे.

भिंगरी: सेन्सरचं जाऊ द्या, एलईडी पट्ट्यांवर कोणी बोलेल का? डब्ल्यूएस२८१२बी, म्हणजे प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येणारी पट्टी, मीटरला ६० दिवे, पूर्ण पांढऱ्यात प्रत्येकी साधारण ६० मिलिअँपिअर, म्हणजे मीटरला ३.६ अँपिअर. आणि पोरं पाच मीटर पट्टी आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डच्या ५ व्होल्ट पिनेवर टांगतात! पट्टीच्या तांब्यातच व्होल्ट गळतात, निळा आधी दम तोडतो, शेवटचे दिवे तांबूस दिसतात. त्यालाच 'संध्याकाळची छटा' म्हणून संकल्पना-टिपणात घुसवतात. पाच मीटरला १८ अँपिअर धरा, वीज दोन्ही टोकांना आणि मध्ये द्या, ग्राउंड, म्हणजे ऋण तार, सगळ्यांची एकच. ईएसपी३२ बोर्डचा डेटा ३.३ व्होल्टचा, पट्टीला हवेत ३.५. मध्ये सिग्नलचे व्होल्ट वाढवणारी ७४एएचसीटी१२५ चिप घाला, नाहीतर घरी चालेल आणि उद्घाटनाला लुकलुकेल.

पाच_व्होल्ट: पूर्ण पांढरा लावतो कोण? पट्टी चालवणाऱ्या फास्टएलईडी कोड-लायब्ररीत पॉवरची मर्यादा घाला, १० अँपिअरचा सप्लाय पुरतो. पोरांना उगाच घाबरवू नका.

भिंगरी: कोड अडकला की पट्टी शेवटचा रंग तसाच धरून बसते. डेटा लाइनवर गोंगाट आला तर काय पेटेल त्याचा नेम नाही. मग तुमची मर्यादा कुठे राहिली? तार वितळल्यावर लायब्ररी भरपाई देणार का?

पाच_व्होल्ट: तुमच्या हिशोबाने प्रत्येक प्रोजेक्टला सबस्टेशन लागेल.

तांब्याची_तार: दोघं जरा थांबा. मुळात चूक मार्क देण्याच्या पद्धतीत आहे. ज्युरीपुढे दहा मिनिटं चाललं की पास! प्रदर्शनाचा पूर्ण दिवस चालवून बघायचं, मध्ये एकदा वीज तोडून परत द्यायची, कुणी हात न लावता काम उभं राहिलं पाहिजे. लॅपटॉपची झोप बंद, अपडेट बंद. यूएसबी पाच मीटरच्या पुढे ताणली की बोर्ड मधूनच गायब होतो, हे तिथेच कळेल.

चष्मेवाला: घ्या, म्हणजे मी म्हणत होतो तेच! न तपासलेलं काम लोकांपुढे मांडतात. पडद्यांचं मान्य, तेवढंच. बाकी विद्यार्थी निर्दोष आणि दोषी कोण, तर शाल.

तांब्याची_तार: तपासायला दालन आदल्या रात्री मिळतं, तेही खुर्च्या हलवून झाल्यावर. ते जरा आयोजकांना विचारा.

पाच_व्होल्ट: बरं भिंगरीताई, फ्यूज लावतो. खूश? एकच २० अँपिअरचा, सप्लायच्या तोंडाशी.

भिंगरी: २० अँपिअरला फ्यूज शाबूत राहील आणि बारीक तार जळेल. जिथून जिथून पट्टीला वीज देता त्या प्रत्येक लाल तारेवर वेगळा फ्यूज, तार सोसेल तेवढाच. आणि तो सप्लायच्या बाजूला, पट्टीच्या नव्हे.